उसवलेली महाधमनी आणि आतले अस्तर

श्रोतेहो, आज आपण शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. हे दुखणे सर्दी-पडशासारखे घरोघरचे नाही. पाश्चात्य देशांतल्या मोजदादीप्रमाणे ते लाख माणसांत वर्षाकाठी तीन ते सहा जणांना होते. पण ज्याला होते त्याच्या घरावर आभाळ कोसळते. आणि त्याचे मुख्य कारण मात्र अगदी घरोघरचे आहे. ते म्हणजे न मोजलेला आणि न आवरलेला रक्तदाब. म्हणून हा विषय शहरातल्या मोठ्या दवाखान्यापुरता न ठेवता आपणा सर्वांपुढे मांडायचा.

प्रथम ही रक्तवाहिनी कोणती ते पाहू. हृदयाच्या डाव्या बाजूने एक जाड नळी निघते. ती आधी वर जाते, गळ्याच्या खाली काठीच्या मुठीसारखी वळते, आणि मग पाठीच्या कण्याला लागून छातीतून व पोटातून खाली उतरते. बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात, ते दोन पायांकडे जातात. वरच्या वळणावर मेंदूकडे आणि हातांकडे जाणाऱ्या शाखा आहेत. खाली मज्जारज्जूला, आतड्यांना, मूत्रपिंडांना रक्त पोचवणाऱ्या शाखा आहेत. हिला महाधमनी म्हणतात, डॉक्टर मंडळी एओर्टा म्हणतात. रुंदीला ती अंगठ्याहून थोडी जाड, म्हणजे दोन ते तीन सेंटिमीटर. पण काम पाहा केवढे! हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त हिच्यात ढकलते. दिवसाचा हिशेब केला तर सात हजार लिटर होतात, आणि ठोके पडतात जवळजवळ एक लाख. म्हणजे ही नळी दिवसाला लाख धक्के सोसते.

एवढे धक्के सोसायचे तर भिंत तशीच हवी. महाधमनीची भिंत तीन थरांची आहे. आपल्याकडची गोधडी डोळ्यांपुढे आणा. आत एक मऊ कापड, बाहेर एक चिवट कापड, आणि मध्ये जाड भर. महाधमनीचा मधला थर स्नायूंचा आणि लवचिक तंतूंचा असतो. खरा जोर त्यातच असतो. गोधडीचे थर टाक्यांनी धरलेले असतात, तसे हे तीन थर एकमेकांना घट्ट धरून राहतात.

आता असं बघा, वर्षानुवर्षे रक्तदाब चढलेला आहे, जोडीला तंबाखू किंवा विडी आहे, वय पन्नास-साठीकडे झुकले आहे. मधला थर झिजत जातो आणि एखाद्या दिवशी आतल्या थराला चीर पडते. रक्त जोराने त्या चिरेतून शिरते आणि थर उसवत पुढे पुढे जाते. कधी वीतभर, तर कधी थेट मांडीपर्यंत. मग एका नळीत दोन वाटा तयार होतात. एक मूळची, तिला खरी वाट म्हणू. दुसरी थरांच्या मध्ये नव्याने झालेली, ती खोटी वाट. दोहोंच्या मध्ये उरतो तो सोललेल्या थराचा पडदा. खाली कुठेतरी त्या पडद्यालाही भोके पडतात आणि खोट्या वाटेतले रक्त पुन्हा खऱ्या वाटेत येते. पाटाच्या कडेला भगदाड पडावे, पाणी शेजारून दुसरी चर खणत जावे, आणि पुढे पुन्हा पाटाला मिळावे, असा हा प्रकार. चरीला पाणी गेले म्हणजे पाटाच्या टोकाची शेते कोरडी पडतात. तसेच कधी मूत्रपिंड, कधी आतडी, तर कधी एखादा पाय रक्तावाचून तडफडू लागतो.

या दुखण्याची पहिली स्पष्ट नोंद एका राजाच्या मरणातून मिळाली. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी शौचाला गेला असता कोसळला आणि मरण पावला. राजवैद्य फ्रँक निकल्स यांनी शवाची तपासणी केली. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साकळलेले होते, आणि महाधमनीच्या आतल्या बाजूला सुमारे दीड इंच लांबीची चीर होती. रोगाचे खरे रूप कळले, पण त्यावर इलाज सापडायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली.

चीर कुठे पडली यावर सारे अवलंबून असते. १९७० सालापासून डॉक्टर याचे दोन मुख्य प्रकार मानतात. हृदयातून वर जाणारा भाग उसवला असेल तर तो 'अ' प्रकार. यात घटका मोजायच्या असतात. छाती उघडून तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते, नाहीतर रक्त हृदयाभोवती साचून माणूस जातो. वरचा भाग शाबूत असून डाव्या हाताच्या शाखेपासून खाली जाणारा भाग उसवला असेल तर तो 'ब' प्रकार. यातही भगदाड फुटले किंवा एखाद्या अवयवाचे रक्त तुटले तर तातडी असतेच. पण तसे झाले नसेल तर रक्तदाब उतरवून आणि वेदना शमवून बहुतेक रोगी त्या पहिल्या संकटातून पार पडतात.

उसवलेल्या महाधमनीवर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी १९५४ साली डॉ. मायकेल डेबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. याच डेबेकींनी डेक्रॉनच्या कापडाच्या कृत्रिम रक्तवाहिन्या पत्नीच्या शिवणयंत्रावर शिवून पाहिल्या होत्या. आणि योगायोग असा की ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, खुद्द डेबेकींचीच महाधमनी उसवली. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, तीही त्यांनीच घडवलेल्या पद्धतीने. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक जगले आणि जुलै २००८ मध्ये निवर्तले.

हे झाले दुखण्याच्या सुरुवातीचे. पण आज आपल्याला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या काळाविषयी. कारण खरी फसगत तिथेच होते.

'ब' प्रकारचा रोगी आठ-पंधरा दिवसांनी घरी येतो. पाठीत सुरी फिरवल्यासारखी जी कळ आली होती ती थांबलेली असते. खाणेपिणे सुरू होते. घरचे म्हणतात, "तात्या, वाचलात बघा! देवाची कृपा." दोन-तीन महिने गोळ्या चालतात. मग तात्या म्हणतात, "आता दुखत तर काहीच नाही, गोळ्या कशाला?" श्रोतेहो, दुखणे थांबले म्हणजे दुखणे संपले असे नव्हे. तीन महिने उलटले की डॉक्टर या रोगाला जुनाट म्हणतात. जुनाट म्हणजे बरा झालेला नव्हे. बऱ्याच जणांच्या बाबतीत खोटी वाट तशीच उघडी राहते, आणि प्रत्येक ठोक्याला तिच्यात रक्त शिरत राहते. त्या वाटेची बाहेरची भिंत मूळच्या भिंतीहून पातळ असते, कारण मधल्या थराचा काही भाग पडद्याबरोबर आत गेलेला असतो. पातळ भिंत दाबाखाली हळूहळू फुगते.

शिक्षक मंडळींना येथे वर्गात दाखवता येईल असा एक प्रयोग आहे. रबरी फुगा फुगवताना पहिल्या फुंकांना जोर लागतो. एकदा थोडा फुगला की पुढे तो सहज फुगत जातो. नळीचेही तसेच आहे. रुंदी वाढली की तेवढ्याच दाबाने भिंतीवर पडणारा ताण वाढतो. ताण वाढला की ती आणखी रुंद होते. असे करता करता अडीच सेंटिमीटरची नळी साडेपाच-सहा सेंटिमीटर होते, आणि मग फुटण्याचे भय दाराशी येऊन उभे राहते. विशेष म्हणजे हे सारे चालू असताना रोग्याला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून ते मोजूनच कळते, आणि मोजायचे साधन म्हणजे सीटी स्कॅनचा फोटो.

मग यावर उपाय काय? पहिला उपाय औषधाचा, आणि तो प्रत्येक रोग्याला आयुष्यभर लागू. हृदयाचे ठोके हळू पडावेत आणि रक्तदाब साधारणपणे १३० वर ८० च्या खाली राहावा, यासाठी गोळ्या देतात. पाटाला भगदाड असेल तर आधी धरणाचे दार थोडे खाली करतात, तसेच हे.

दुसरा उपाय छाती उघडून फुगलेला भाग काढून टाकण्याचा आणि तिथे कापडी नळी शिवण्याचा. तो मोठा आहे. अनुभवी हातांत तो चांगला होतो, परंतु वयस्कर, दम लागणाऱ्या किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाला झेपेलच असे नाही.

तिसरा उपाय आजच्या विषयाचा. छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून आत शिरून, महाधमनीला आतून अस्तर घालायचे. या कल्पनेला रूप देणारे पहिले सर्जन म्हणजे निकोलाय वोलोदोस. त्यांनी १९८७ साली, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या खारकिव्ह शहरात, अपघाताने इजा झालेल्या छातीतल्या महाधमनीत असे अस्तर बसवले. १९९० साली अर्जेंटिनात ब्यूनस आयर्स येथे डॉ. हुआन पारोदी यांनी पोटातल्या फुगलेल्या महाधमनीसाठी तेच केले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड येथे डॉ. मायकेल डेक यांनी १९९२ पासून छातीतल्या फुगलेल्या महाधमनीसाठी ही पद्धत वापरली. आणि १९९९ साली स्टॅनफर्ड व जपानमधल्या डॉक्टरांनी मिळून, आणि जर्मनीतल्या डॉ. नीनाबर यांनी स्वतंत्रपणे, उसवलेल्या महाधमनीवरचे आपापले अनुभव प्रसिद्ध केले.

हे अस्तर कसे असते? मजबूत विणीच्या कापडाची नळी, आणि तिला निकेल-टिटॅनियमच्या बारीक तारांची जाळी शिवलेली. या तारेचा गुण असा की दाबून बारीक केली तरी सोडल्यावर ती आपला मूळ आकार घेते. छत्री मिटून पिशवीत ठेवावी तशी ही नळी मिटवून करंगळीहूनही बारीक आवरणात बसवतात. डॉक्टर लोक तिला स्टेंट ग्राफ्ट म्हणतात.

आधी स्कॅनवरून रुंदी, चिरेची जागा आणि शाखांची ठिकाणे काटेकोर मोजतात. मग रोग्याला भूल देऊन जांघेतून एक बारीक तार क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत वर नेतात. येथे एक मोठी काळजी घ्यावी लागते. तार खऱ्या वाटेतूनच गेली पाहिजे. खोट्या वाटेत अस्तर उघडले तर अनर्थ होतो. म्हणून रक्तवाहिनीच्या आतून किंवा अन्ननलिकेतून ध्वनिलहरींनी पाहून खात्री करतात. त्या तारेवरून मिटलेली नळी चिरेपाशी नेतात, क्षणभर रक्तदाब मुद्दाम खाली आणतात आणि आवरण मागे ओढतात. नळी उघडते, भिंतीला घट्ट बसते, आणि चिरेचे तोंड झाकले जाते. वरून येणारे रक्त आता खऱ्या वाटेने जाते. खोट्या वाटेत उरलेले रक्त हळूहळू गोठते. पाटाचे भगदाड बुजवले की चरीतले पाणी आटते, तसे.

कधी चीर डाव्या हाताच्या शाखेला अगदी लागून असते आणि अस्तराने ती शाखाही झाकावी लागते. ती केवळ हाताची नाही. मेंदूच्या मागच्या भागाला आणि मज्जारज्जूलाही ती रक्त पुरवते. म्हणून पुष्कळदा आधी मानेतल्या रक्तवाहिनीवरून तिला नवा जोड देतात.

याचा लाभ किती होतो? युरोपात १४० रोग्यांवर एक तुलना झाली. सगळ्यांचा रोग 'ब' प्रकारचा, सुरुवातीला दोन आठवड्यांपासून वर्षापर्यंतचा काळ लोटलेला, आणि तातडीची अडचण कोणाला नव्हती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. एका गटाला केवळ औषधे, दुसऱ्याला औषधे आणि अस्तर. २००९ साली दोन वर्षांचा हिशेब आला, तेव्हा जगण्या-मरण्यात अस्तराचा फायदा दिसला नाही. पुष्कळांनी मान हलवली. पण तेच रोगी पुढे पाहत गेल्यावर २०१३ साली पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. महाधमनीच्याच कारणाने दगावलेले, औषधांच्या गटात शंभरी सुमारे एकोणीस, अस्तराच्या गटात सुमारे सात. रोग पुढे सरकलेले, पहिल्या गटात शंभरी शेहेचाळीस, दुसऱ्यात सत्तावीस. सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंतला फरक मात्र तेवढा ठाम निघाला नाही. म्हणजे या उपायाचा खर्च आधी आणि उत्पन्न मागून, फळबागेसारखे.

आता जुनाटपणाची खरी अडचण सांगतो. ओली माती हवी तशी वळते. वाळली की वळत नाही. पडदा नवा असताना मऊ असतो. अस्तर उघडले की तो सहज मागे सरकून भिंतीला टेकतो. महिने-वर्षे गेली की तो जाड आणि ताठ होतो, अस्तराला दाद देत नाही. शिवाय खाली पोटात पडद्याला भोके असतात. वरचे भगदाड बुजवले तरी खालच्या भोकांतून रक्त उलटे चढून खोटी वाट भरतच राहते. एखादे मूत्रपिंड तर खोट्या वाटेवरच जगत असते, तेव्हा ती सरसकट बंदही करता येत नाही. यासाठी अलीकडे नवे उपाय निघाले आहेत. खोट्या वाटेत खालच्या बाजूने बूच बसवतात, ताठ पडदा मुद्दाम फाडून दोन वाटांची एक करतात, किंवा शाखांसाठी खिडक्या आणि फाटे ठेवून शिवलेले अस्तर बसवतात. हे काम नाजूक आहे आणि निवडक मोठ्या केंद्रांतच होते. कोणाला केव्हा करायचे याचाही विवेक लागतो. नळी साडेपाच-सहा सेंटिमीटरपर्यंत गेली, झपाट्याने वाढू लागली, किंवा पुन्हा दुखू लागले, तर जुनाट रोगात हस्तक्षेपाचा विचार होतो. नाहीतर औषधे आणि नियमित पाहणी हाच मार्ग.

धोके लपवून ठेवणे बरे नव्हे. मज्जारज्जूच्या शाखा झाकल्या गेल्या तर पायांतली शक्ती जाऊ शकते. गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होऊ शकतो. अस्तराचे टोक टोचून नवी चीर पडू शकते, क्वचित वरच्या भागातही. जन्मजात तंतू कमकुवत असणाऱ्या, मारफान नावाच्या व्याधीच्या लोकांना सहसा अस्तराऐवजी उघडी शस्त्रक्रियाच बरी मानतात. हे सारे आधी विचारून घ्यावे. डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आणि अस्तर घातले म्हणजे सुटलो असेही नाही. कौले शाकारली तरी दर पावसाळ्याआधी आपण एकदा वर चढून पाहतोच ना? तसे साधारण महिन्याने, मग सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि पुढे दरवर्षी फोटो काढून पाहावे लागते. जुने फोटो आणि कागद जपून ठेवावेत, कारण आजची रुंदी कालच्या रुंदीशी ताडून पाहिली तरच ती वाढली की नाही हे कळते. गोळ्या एकाएकी बंद करू नयेत. त्यातल्या काही अचानक सोडल्या तर ठोके आणि दाब एकदम उसळतात. पोते पाठीवर घेणे, श्वास रोखून जोर लावणे, शौचाला कुंथणे टाळावे. चालणे-फिरणे आणि हलकी कामे डॉक्टरांच्या सल्ल्याने करावीत. तंबाखू व विडी सोडलीच पाहिजे. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी दवाखान्यात गेलात तर महाधमनीचे दुखणे आहे हे आधी सांगावे, कारण सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची जंतुनाशके अशा रोग्याला शक्यतो देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ साली दिला आहे.

खर्चाचा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येणार. अस्तराची नळी महाग असते. सरकारी आरोग्य योजनेत काय बसते हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. जमीन विकायचा विचार त्यानंतर.

आता सर्वांनी ध्यानात ठेवावे असे थोडे. छातीत किंवा पाठीत, खांद्याच्या पात्यांमध्ये, एकाएकी आणि पहिल्याच क्षणी अत्यंत जोराची, फाटल्यासारखी कळ आली. ती सरकत खाली गेली. घाम फुटला, एक हात किंवा पाय गार पडला, दोन्ही हातांचा रक्तदाब निराळा आला. तर तो वायगोळा समजून शेक घेत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हा त्रास हृदयविकारासारखाच भासतो. पण हृदयविकारात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे जे औषध देतात ते येथे घातक ठरू शकते. म्हणून मनाने गोळ्या देऊ नयेत, आणि कळ कशी आली ते डॉक्टरांना नीट सांगावे. आधी महाधमनी उसवलेली आहे अशा माणसाला पुन्हा पाठ दुखू लागली, आवाज बसला, खोकल्यातून रक्त आले, किंवा पायांत बळ राहिले नाही, तर हाच नियम.

हे दुखणे ज्यांना होते त्यांच्यात चारांपैकी सुमारे तिघांना आधीपासून रक्तदाब असतो. रक्तदाब मोजायला पैसे पडत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात तो मोजून मिळतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने तो मोजून घ्यावा. गुरुजींनी आणि बाईंनी पालकसभेच्या दिवशी आरोग्यसेविकेला बोलावून गावाची मोजणी करवली तर शाळेच्या वहीत ती एक मोलाची नोंद होईल. ज्याचा दाब चढलेला निघेल त्याच्या घरी महिन्याने जाऊन एवढेच विचारावे, "आबा, गोळी चालू आहे ना?"